फोर्क + पाइप: चाइल्ड वाचतच बसलाय, थांबतच नाही. परवा चेकिंग आहे, मदत करा

टीई_अडकला · रात्री १०.४७

नमस्कार मंडळी. टीई (इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष) कॉम्प्युटरला आहे, ओएसचं (ऑपरेटिंग सिस्टमचं) प्रॅक्टिकल परवा चेक होणारे. असाइनमेंट अशी की पॅरेंटने फाइल वाचून पाइपवर टाकायची, चाइल्डने ती घेऊन ओळी, शब्द, अक्षरं मोजायची आणि आकडे दुसऱ्या पाइपवरून परत पाठवायचे, पॅरेंटने ते छापायचे. म्हणजे दोन पाइप आणि एक फोर्क. (नवख्यांसाठी: फोर्क म्हणजे चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, प्रत काढणं; मूळ ती पॅरेंट, प्रत ती चाइल्ड. पाइप म्हणजे एका टोकाने लिहायची आणि दुसऱ्याने वाचायची नळी.) पहिल्या पाइपचे नंबर आलेत ३ (वाचायचं टोक) आणि ४ (लिहायचं टोक), दुसऱ्याचे ५ आणि ६, छापून बघितलेत.

आधी चाइल्डमध्ये एकदाच रीड करत होतो तेव्हा मस्त चालत होतं. मॅम म्हणाल्या मोठी फाइल दिली तर एका रीडमध्ये सगळं येणार नाही, लूप लाव आणि रीडने शून्य दिलं की थांब. लूप लावला आणि तेव्हापासून कर्सर नुसता लुकलुकतोय, कंट्रोल-सी मारल्याशिवाय सुटका नाही. लिहून झाल्यावर पॅरेंटमध्ये ४ क्लोज केलाय, शपथ. मग चाइल्डला शून्य का मिळत नाही? मित्र म्हणाला मध्ये स्लीप टाक. टाकला. आता पाच सेकंद उशिरा हँग होतं.

शेंगदाणा_चिक्की · रात्री १०.५२

स्लीप सुचवणाऱ्या मित्राला जपून ठेव, पुढे तोच मॅनेजर होणार आहे.

सी_वाली_ताई · रात्री १०.५५

चाइल्डमध्ये ४ क्लोज केलास का? पॅरेंटमध्ये नाही म्हणत मी, चाइल्डमध्ये.

टीई_अडकला · रात्री १०.५८

चाइल्ड ४ वापरतच नाही ना ताई, तो फक्त ३ वरून वाचतो. जे वापरत नाही ते कशाला बंद करू?

सी_वाली_ताई · रात्री ११.१०

तिथेच तर गोम आहे. फोर्क केलंस म्हणजे काय केलंस, तर घरच्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा डुप्लिकेट करून पोराच्या खिशात टाकलास. ३, ४, ५, ६ चारही. पोराला ४ नको असला तरी तो त्याच्याकडे आहेच. आता रीडला शून्य कधी मिळतं, तर पाइप रिकामा आहे आणि त्यात लिहू शकणारं एकही टोक जगात कुणाकडे उघडं नाही, तेव्हाच. पॅरेंटने आपली किल्ली परत दिली, पण दुसरी चाइल्डच्याच खिशात. कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला) काय माहीत हा लिहिणार नाही ते, तो म्हणतो थांब, अजून एक लिहिणारा शिल्लक आहे. म्हणजे तुझा चाइल्ड स्वतःचीच वाट बघत बसलाय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः बघ. प्रोग्राम हँग होऊ दे, दुसरं टर्मिनल उघड, पीएस कमांडने चाइल्डचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) काढ आणि स्लॅश प्रॉकमध्ये त्या पीआयडीच्या फोल्डरात जे एफडी नावाचं फोल्डर आहे ना त्याची लांब यादी काढ. काय दिसतं ते इथे सांग.

टीई_अडकला · रात्री ११.२४

बापरे. चाइल्डमध्ये चारही आहेत. ३ समोर पाइप आणि चौकटी कंसात ४८२१३, आणि ४ समोर पण तोच ४८२१३! ५ आणि ६ ला ४८२१४. पॅरेंटमध्ये ४ नाही, बाकी ३, ५, ६ आहेत.

सी_वाली_ताई · रात्री ११.२६

तो आकडा म्हणजे त्या पाइपची ओळख. एकाच प्रोसेसमध्ये तोच आकडा दोनदा दिसला की समजायचं कुणीतरी क्लोज करायला विसरलंय. पुस्तकात दोन पानं वाचून जे कळत नाही ते या यादीत दोन सेकंदात कळतं.

नागपूरचा_बावा · रात्री ११.३१

अन् एस्ट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागते ते दाखवणारी कमांड) लावून पाह्य ना भाऊ, फोर्कचा पर्याय देऊन. शेवटची ओळ रीड, कंस, तीन, स्वल्पविराम अन् पुढे काहीच नाही अशी अर्धवट लटकून राहते. ज्या ओळीवर लटकला तिथंच रोग असते.

टीई_अडकला · रात्री ११.४०

चाइल्डमध्ये ४ क्लोज केला. चाइल्ड सुटला! पण आता पॅरेंट अडकला 😭 आकडे छापतो, बरोबर येतात, आणि मग तसाच बसतो. पीएसमध्ये चाइल्डसमोर डिफंक्ट असं काहीतरी येतंय.

शेंगदाणा_चिक्की · रात्री ११.४२

एकाला बाहेर काढलं तर दुसरा विहिरीत.

आटपाट_नगर · रात्री ११.४९

पॅरेंट पण लूपमध्ये ५ वाचतोय का शून्य येईपर्यंत? मग ताईंनी वर सांगितलं तेच आरशात बघ. दुसऱ्या पाइपचं लिहायचं टोक ६, ते पॅरेंटच्या स्वतःच्या खिशात उघडं आहे. चाइल्ड मेला तेव्हा त्याचा ६ कर्नलने आपोआप बंद केला पण पॅरेंटचा कोण करणार.

आणि डिफंक्ट म्हणजे झोंबी. सोपं आहे, माणूस गेला पण रेशनकार्डावरून नाव कमी केलं नाही. वेटपिड म्हणजे कचेरीत जाऊन नाव कमी करणं. तुझा पॅरेंट ५ वर अडकल्यामुळे खालच्या वेटपिडपर्यंत पोचतच नाही, म्हणून पोराचं नाव यादीत लोंबकळतंय. झोंबीला किल मारू नको हां, मेलेल्याला कोण मारणार.

टीई_अडकला · रात्री ११.५६

चाललं!!! ६ पॅरेंटमध्ये बंद केला आणि सुटलं. ताई, दादा, पाय कुठेयत तुमचे. आता फक्त पॅरेंटमध्ये ३ आणि चाइल्डमध्ये ५ उघडे आहेत, त्याने काही हँग होत नाहीये, मग राहू देऊ का?

मिरजेची_तार · रात्री ११.५९

राहू दे की. वाचायची टोकं उघडी राहिली तर ईओएफला (मजकूर संपल्याची खूण, ते रीडचं शून्य) काही फरक पडत नाही.

सी_वाली_ताई · रात्री १२.०८

तार, अर्धं खरं. ईओएफला फरक पडत नाही पण उलट बाजूला पडतो. समज चाइल्ड मध्येच कोसळला. पॅरेंटने आपला ३ बंद केलेला असेल तर आता वाचणारं कुणीच नाही, पुढच्या राइटला कर्नल सिगपाइप पाठवतो आणि पॅरेंट तिथल्या तिथे मरतो, किंवा तो सिग्नल दुर्लक्षित केला असेल तर राइट ईपाइप एरर देऊन परत येतो. दोन्हीत कळतं तरी की पलीकडे कुणी उरलं नाही. ३ उघडा ठेवलास तर कर्नलच्या दृष्टीने वाचणारा आहे, तो स्वतः पॅरेंटच. मग पॅरेंट पाइप भरेपर्यंत आनंदाने लिहीत राहणार आणि भरला की कायमचा गप्प. म्हणून सवयच लाव, फोर्कच्या खालच्या पहिल्या दोन ओळी क्लोजच्या, दोन्हीकडे. नको ते टोक आधी बंद, मग बाकीचं.

मिरजेची_तार · रात्री १२.१०

मान्य ताई. हा मुद्दा डोक्यात नव्हता.

क्लाउडवाला · रात्री १२.१५

मला एक कळत नाही, २०२० नंतरच्या जगात पोरांना फोर्क, पाइप शिकवून काय मिळतं? मी नऊ वर्षं इंडस्ट्रीत आहे, एकदाही पाइप कॉल लिहिलेला नाही. प्रोग्रामना एकमेकांशी बोलायला क्यू आहे, आरपीसी आहे, अगदीच झालं तर सॉकेट आहे. सिलॅबस बदलायची वेळ झाली.

जुना_लिनक्सकाका · रात्री १२.३०

क्लाउडवालासाहेब, लिहिला नसेल, वापरता मात्र रोज. टर्मिनलवर दोन कमांडमध्ये उभी रेघ मारता ना, तेव्हा शेल बिचारं पाइप, फोर्क, डुप२ (आउटपुट पाइपकडे वळवणं), एक्झेक (नवा प्रोग्राम चढवणं) याच क्रमाने जातं. तुमच्या कंटेनरचे लॉगसुद्धा आतल्या प्रोग्रामच्या स्टँडर्ड आउटपुटवरून पाइपानेच बाहेर येतात.

या रेघेमागची गोष्ट सांगतो, झोप येत नसेल तर वाचा. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डग मॅकइलरॉय नावाचे गृहस्थ होते, त्यांनी १९६४ साली एक टिपण लिहिलं की प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, हवा तेव्हा अजून एक तुकडा फिरवून बसवला. तेव्हा युनिक्सचा, म्हणजे लिनक्स जिच्यावर बेतलंय त्या ऑपरेटिंग सिस्टमचा, जन्मही व्हायचा होता. पुढे युनिक्स आलं, हे ते बनवणाऱ्या केन थॉम्पसन यांच्या मागे लागून राहिले आणि शेवटी १९७३ साली थॉम्पसननी एका रात्रीत पाइप बसवला. नऊ वर्षं भुणभुण आणि एक रात्र काम. सरकारी नळजोडणीचाही हिशेब साधारण असाच असतो. गंमत म्हणजे सुरुवातीला ही उभी रेघ नव्हती, फाइलीत आउटपुट वळवायचं जे चिन्ह आहे त्याच्यावरच पाइपचं काम भागवत होते, त्यात गोंधळ व्हायला लागला म्हणून पुढच्या आवृत्तीत रेघ आली.

क्लाउडवाला · रात्री १२.३४

काका इतिहास भारी आहे पण माझा मुद्दा तसाच. कार चालवायला पिस्टन माहीत असायची गरज नाही.

नागपूरचा_बावा · रात्री १२.३८

गाडी घाटात बंद पडली की पिस्टनच आठवते बावा.

खिडकीतला_कावळा · रात्री १२.५१

क्लाउडवाला, मला पायथनमध्ये पडलेला खड्डा सांगतो, पाइप कॉल मी पण लिहिला नव्हता. एका छोट्या कंपनीत होतो, लग्नाचे व्हिडिओ अपलोड व्हायचे आणि आम्ही एफएफएमपेग चालवून ते लहान करायचो. पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवायचं सबप्रोसेस मॉड्यूल, त्यातलं पीओपन, स्टँडर्ड आउटपुट पण पाइप, एरर पण पाइप आणि खाली वेट. टेस्टिंगला हळदीची चाळीस सेकंदांची क्लिप, मस्त. पहिल्याच शनिवारी कुणीतरी तीन तासांचं रिसेप्शन चढवलं आणि काम पाच-सहा मिनिटांनी गपकन थांबलं. सीपीयू शून्य, एरर नाही, लॉग नाही. परत चालवलं, परत तिथेच. आम्ही डिस्क बघितली, मेमरी बघितली, नेटवर्कवाल्याला रविवारी उठवला, वधूच्या भावाचे फोन चालू होते ते वेगळेच.

झालं होतं असं की एफएफएमपेग सारखी प्रगतीची ओळ एररवर छापत असतो, किती फ्रेम झाल्या, वेग किती वगैरे. आम्ही एरर पाइपला जोडला आणि वाचायला कुणीच बसलं नव्हतं. लिनक्सवर पाइपात साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. तेवढे भरले की पुढची ओळ छापायला गेलेला एफएफएमपेग तिथेच झोपला, आम्ही तो संपायची वाट बघतोय आणि तो आम्ही वाचायची वाट बघतोय. छोट्या क्लिपमध्ये ६४ केबी भरायच्या आत काम संपायचं म्हणून टेस्टिंगमध्ये कधी दिसलंच नाही. वेटच्या जागी कम्युनिकेट घातलं आणि सुटलं, ते दोन्हीकडचं आळीपाळीने वाचत राहतं.

सांगायचं हे की क्यू, आरपीसी सगळं होतं त्या सिस्टममध्ये, अडकलं मात्र नळात.

टेस्टर_मावशी · रात्री १२.५७

टेस्टिंगला चाळीस सेकंदांची क्लिप कुणी दिली होती ते पण सांगा. नेहमी आमच्यावर येतं.

खिडकीतला_कावळा · रात्री १२.५९

मीच दिली होती मावशी 🙏

मिरजेची_तार · सकाळी ७.४०

६४ केबी हे कायमचं नाही हां. जुन्या कर्नलमध्ये एका पानाएवढं म्हणजे ४०९६ बाइटच होतं, २.६.११ पासून ६५,५३६ झालं. २.६.३५ पासून एफकंट्रोल या कॉलने वाढवता पण येतं, साध्या युजरला दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास म्हणजे एक एमबीपर्यंत. आणि ४०९६ वरून अजून एक गोष्ट, पाइपवरचं राइट ॲटॉमिक (एका घासात, मध्ये दुसऱ्याचं न शिरता) असतं, त्यामुळे दहा चाइल्डनी एकाच पाइपवर लिहिलं तरी ओळी मिसळत नाहीत, बिनधास्त वापरा.

आटपाट_नगर · सकाळी ८.०५

बिनधास्त नको! पाइप-बफ या ठरलेल्या मर्यादेएवढ्या लांबीपर्यंतच ॲटॉमिक, लिनक्सवर ४०९६ आणि पॉझिक्स हे मानक तर फक्त ५१२ ची हमी देतं. आमच्याकडे आठ वर्कर एका पाइपवर जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) ओळी टाकायचे, वर्षभर सुखात. मग कुणीतरी त्यात पत्ता आणि वर्णनाचा फील्ड वाढवला, काही ओळी ४०९६ च्या वर गेल्या आणि एका गिऱ्हाइकाच्या पोटात दुसऱ्याचा पत्ता. आठवड्यातून दोनदाच व्हायचं, ते पण लोड असला की.

मिरजेची_तार · सकाळी ८.०९

आज माझा दिवस नाही. चहा घेतो.

गूळपोळी · सकाळी ९.१५

मध्येच विचारते, माझा वेगळाच प्रकार आहे. फोर्कच्या आधी एकदाच प्रिंटएफने नमस्कार छापला, स्क्रीनवर एकदाच येतो पण आउटपुट फाइलीत वळवलं की दोनदा येतो. लॅपटॉपला दृष्ट लागलीये का?

सी_वाली_ताई · सकाळी ९.३०

दृष्ट नाही, बफर. स्क्रीनवर छापताना प्रत्येक ओळ संपली की सी लायब्ररी ती बाहेर ढकलते, फाइल किंवा पाइप असेल तर डबा भरेपर्यंत आपल्याकडेच साठवते. फोर्क झाला तेव्हा तुझा नमस्कार डब्यातच होता, डब्यासकट कॉपी झाली, मग दोघांनी जाता जाता आपापला डबा रिकामा केला. फोर्कच्या आधी एफफ्लश करून डबा रिकामा कर. आणि चाइल्डला नुसतंच मरायचं असेल तर एक्झिटऐवजी अंडरस्कोर एक्झिट वापर, ते डबे न सांडता जातं.

टेल, ग्रेप आणि पुढे कट या कमांडा पाइपने जोडल्यावर लॉगची ओळ लगेच दिसत नाही असं जे लोक म्हणतात ते पण हेच. ग्रेपला लाइन-बफर्ड सांगावं लागतं.

गूळपोळी · सकाळी ९.३८

दोन वर्षं मी ग्रेपला शिव्या घालत होते 🙈

शेंगदाणा_चिक्की · सकाळी ९.५०

या सगळ्याला मराठी शब्द काय आहेत? पॅरेंट प्रोसेस म्हणजे पालक प्रक्रिया का? म्हणजे डाळ-पालक वेगळं आणि पालक-पाल्य वेगळं.

जुना_लिनक्सकाका · सकाळी १०.०२

एका जुन्या नोट्समध्ये जनक आणि अपत्य वाचलेलं आठवतं. पालक मेला तर पाल्य अनाथ होतं आणि एक नंबरची प्रोसेस त्याला दत्तक घेते, हे तर तसंच्या तसं मराठी मालिकेत चालेल. पाइपला नळी म्हणा. नळ म्हणू नका, नळाला वेळेवर पाणी येत नाही.

टीई_अडकला · दुपारी १.२०

मंडळी, परत आलो. मॅमना दाखवलं, खूश झाल्या आणि म्हणाल्या आता मोजण्याऐवजी चाइल्डने सगळा मजकूर कॅपिटल करून परत पाठव. केलं. चाइल्ड १०२४ बाइट वाचतो, कॅपिटल करतो, लगेच ६ वर लिहितो. पॅरेंट आधी अख्खी फाइल लिहितो, ४ क्लोज करतो आणि मग ५ वाचायला लागतो. नको ती सगळी टोकं दोन्हीकडे बंद आहेत, प्रॉकमध्ये जाऊन तपासलं, एकच आकडा दोनदा कुठेच नाही. छोट्या फाइलवर चालतं, मोठीवर हँग. १,२०,००० बाइटची गेली, १,४०,००० ची अडकली. ६४ केबीचा नियम आहे तर मग १,२०,००० कशी गेली?

आटपाट_नगर · दुपारी १.३५

शाब्बास, प्रश्न चांगलाय. दोन पाइप आहेत ना, प्रत्येकी ६५,५३६. दोन्ही मिळून १,३१,०७२. पॅरेंट लिहीत सुटलाय, वाचत नाहीये. चाइल्ड इकडून घेतो तिकडे टाकतो. आधी दुसरा पाइप भरतो, कारण पॅरेंट अजून ५ कडे वळलेलाच नाही. मग चाइल्ड राइटवर झोपतो, म्हणून ३ वाचणं बंद. मग पहिला पाइप भरतो आणि पॅरेंट पण राइटवर झोपतो. अरुंद बोळात दोन रिक्षा समोरासमोर, दोघंही म्हणतात तू मागे घे. तुझी १,२०,००० ची फाइल दोन्ही पाइपांत मिळून मावली, १,४०,००० ची नाही मावली.

मिरजेची_तार · दुपारी १.४२

दोन पाइपच्या ऐवजी सॉकेटपेअर वापर, एकाच जोडीत दोन्ही दिशा होतात.

सी_वाली_ताई · दुपारी १.५०

दिशा होतील, कोंडी तीच राहील. सॉकेटलाही बफर असतोच, फक्त आकडा बदलेल. वर आणि लिहून झालं हे कळवायला क्लोज करता येणार नाही कारण त्याच टोकावरून वाचायचंय, शटडाउनने लिहायची बाजू तेवढी बंद करावी लागेल.

टीई, तुला तीन रस्ते. एक, पॅरेंटने अजून एक चाइल्ड फोर्क करायचा जो फक्त फाइल लिहील, आणि पॅरेंट स्वतः फक्त वाचेल (त्यात पॅरेंटने आपला ४ लगेच बंद करायचा, नाहीतर रात्रीचं प्रकरण पुन्हा सुरू). दोन, थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये दोन कामं सोबत. तीन, पोल लावून जिकडे जागा असेल तिकडे लिही आणि जिकडे काही आलं असेल तिकडचं वाच, पण तेव्हा ४ ला नॉन-ब्लॉकिंग (जागा नसली तरी न झोपणारं) कर आणि राइटने किती बाइट घेतले ते दर वेळी बघ. उद्याच्या चेकिंगसाठी पहिला पुरे.

खिडकीतला_कावळा · दुपारी १.५५

पाइपचा आकार वाढवून एक एमबी कर असं कुणी सुचवेल, ऐकू नकोस. त्याने फक्त रिसेप्शन मोठं लागतं.

टीई_अडकला · दुपारी ३.१०

दुसरा चाइल्ड टाकला. ५० एमबीची फाइल गेली. आणि एक कबुली, लिहिणाऱ्या चाइल्डमध्ये ६ बंद करायला विसरलो होतो, पण तो लिहून झाला की मरतोच म्हणून त्याचा ६ पण जातो आणि पॅरेंट सुटतो. तरी बंद केला, ताई ओरडतील म्हणून.

सी_वाली_ताई · दुपारी ३.१५

कारणासकट सांगितलंस, आता ओरडायला जागाच ठेवली नाहीस.

नागपूरचा_बावा · दुपारी ४.०५

धागा चालूच आहे तर बिना सी-प्रोग्रामच्या लोकांसाठी माझं पण घ्या. बॅशमध्ये कमांडचं आउटपुट पाइप करून व्हाइल रीडमध्ये ओळी मोजल्या, लूपच्या आत आकडा बरोबर, बाहेर आला की शून्य. काहून? तर पाइपच्या उजवीकडचा लूप चाइल्डमध्येच चालून राह्यला होता, त्याचा व्हेरिएबल त्याच्यासोबत गेला. पोराच्या खिशातले पैसे बापाच्या खिशात थोडी येते.

दुसरं याच्याहून वाईट. रात्रीचा बॅकअप, डेटाबेसचा डंप, रेघ, जीझिप, फाइल. पासवर्ड बदलला म्हणून डंप फेल झाला पण पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवर लागते अन् जीझिप तर पास होता, त्यानं रिकामं घेतलं, रिकामंच दाबलं. क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) खूश, मेलमध्ये सक्सेस. रिकाम्याची जीझिप फाइल बरोब्बर २० बाइटची असते, लक्षात ठेवा हा आकडा. सेट, वजा ओ, पाइपफेल ही एक ओळ स्क्रिप्टच्या डोक्यावर टाकली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. आमच्या तिथं कळलं ते रिस्टोर करायची वेळ आली तेव्हा.

शेंगदाणा_चिक्की · दुपारी ४.११

मग काय केलं?

नागपूरचा_बावा · दुपारी ४.१३

एका पोराच्या लॅपटॉपवर तीन आठवडे जुनी कॉपी होती. त्याला अजून संत्रा बर्फी देऊन राह्यलो.

टीई_अडकला · दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.४०

झालं चेकिंग. एक्स्टर्नल सरांनी कोड उघडलाच नाही. विचारलं, फोर्क एकदा बोलावला तर किती वेळा परत येतो. म्हणालो दोनदा, पॅरेंटला पोराचा पीआयडी आणि पोराला शून्य. मग म्हणाले फेल झाला तर. म्हणालो एकदाच, वजा एक. मग पाइप भरला तर काय होतं विचारलं, तिथे मी एफएफएमपेग आणि रिसेप्शनची अख्खी गोष्ट सांगितली. सर हसले आणि जर्नलवर सही केली. कावळेदादा, उधार राहिला.

खिडकीतला_कावळा · दुपारी १२.५२

वधूच्या भावाला कळवतो.

गूळपोळी · दुपारी १.०५

अभिनंदन! मला विंडोजवर फोर्क सापडत नाहीये, कुठल्या हेडरमध्ये असतो?

आटपाट_नगर · दुपारी १.०७

विंडोजमध्ये फोर्क नसतोच गं, तिथे क्रिएट-पाइप आणि क्रिएट-प्रोसेसने काम करतात. सध्या डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) टाक आणि ताईंचा पहिला प्रतिसाद वाच.

क्लाउडवाला · दुपारी १.३०

बावा, तुमचं वाचून सहज सर्व्हरवर गेलो, आमची पण रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट आहे, सहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली, त्यात एक उभी रेघ आहे आणि पाइपफेल नाही. यादी काढली. १३ मार्चपर्यंत फायली दोन-दोन जीबीच्या. १४ मार्चपासून सगळ्या २० बाइट.

जेवायला बसलो होतो. ऑफिसला निघालोय.